तिखट निघाली म्हणून नापास

पोर्तो रिको अमेरिकेतच आहे, हे न्यू जर्सीतल्या मराठी माणसांना सांगून सांगून माझं तोंड दुखायला लागलं. नवऱ्याची औषध कंपनीतली बदली झाली आणि पिस्कॅटवेतलं अठरा वर्षांचं बिऱ्हाड आम्ही उचललं, तेव्हा निरोपाच्या पॉटलक जेवणाला एकीनं विचारलं, "मग तुमच्या ग्रीन कार्डचं काय?" दुसरीनं विचारलं, "तिथे डॉलर चालतात का गं?" तिसरा म्हणाला, "यार, मजा आहे तुमची. कॅरिबियन फूड म्हणजे एकदम तिखट. नंदुरबारच्या माणसाला आणखी काय पाहिजे!"

पहिल्या दोघींना मी हसले आणि तिसऱ्यावर विश्वास ठेवला. आता कळतं, तिघांत मोठा गाढव तोच होता आणि त्याच्याहून मोठी मी. न्यू जर्सीत ऑफिसबाहेर एक जमैकन गाडी लागायची. तिथलं चिकन खाऊन एकदा माझ्या कानातून वाफा निघाल्या होत्या. तेवढ्यावर मी अख्ख्या कॅरिबियन समुद्राला तिखट ठरवून मोकळी झाले.

नंदुरबारबद्दल सांगायला हवं. मिरचीचा बाजार म्हटला की आमचं गाव. हंगामात ओल्या लाल मिरच्यांचे ट्रक येतात आणि गावाबाहेरच्या मोकळ्या रानांवर त्या वाळत घालतात. त्याला आम्ही पथारी म्हणतो. वारा सुटला की शाळेत मास्तर शिंकतात, पोरं शिंकतात, कुणी कुणाला काही म्हणत नाही. माझे वडील, अप्पा, चाळीस वर्षं एका व्यापाऱ्याकडे माल बघायला होते. माल बघायचा म्हणजे ढिगात हात घालून मधली एक मिरची काढायची, देठ मोडायचा, वास घ्यायचा, नखानं फोडून आत बघायचं, बी बोटांत चोळायचं आणि अगदी शेवटी जिभेच्या टोकाला लावायचं. मग अप्पा एक शब्द बोलायचे आणि त्या शब्दावर पन्नास गोण्या घ्यायच्या की परत पाठवायच्या ते ठरायचं.

संध्याकाळी घरी आले की आई पाण्याचा तांब्या पुढे करून रोज एकच प्रश्न विचारायची, "आजचा माल कसा होता?" आणि अप्पा अर्धा तास बोलायचे. कुणाच्या मालाला ओल होती, कुणी वर चांगल्या आणि खाली डागी मिरच्या भरल्या होत्या, कुठल्या गोणीला कसा वास होता. आईला त्यातलं किती कळायचं देव जाणे. मी अभ्यासाचं पुस्तक घेऊन दुसऱ्या खोलीत पळायचे. मिरची, मिरची, मिरची! माणसानं दुसरं काही बोलू नये का?

तर अशा बापाची ही लेक पोर्तो रिकोच्या राजधानीत, सान हुआनला आली आणि पहिल्याच आठवड्यात हॉटेलात जाऊन बसली. आतून लाकडी खलबत्त्यात काहीतरी कुटल्याचा आवाज येत होता. माझ्या जिवात जीव आला. म्हटलं, ठेचा! समोर आला तो मोफोंगो. म्हणजे कच्ची केळी तळून, लसणाबरोबर कुटून केलेला गोळा. लसूण होता, मीठ होतं, डुकराची चरबी होती, फक्त तिखटाचा पत्ता नव्हता. वेटरला 'स्पायसी, स्पायसी' म्हटलं तर त्यानं एक बाटली आणून ठेवली आणि जपून वापरा अशी हातानं खूण केली. बाटलीत व्हिनेगर आणि तळाशी चार मिरच्या बुडून पडलेल्या. मी अर्धी बाटली ताटात ओतली. आंबट. नवरा मात्र खूश! तो पुण्याचा. त्याला आमटीत गूळ कमी पडला तरी ठसका लागतो. म्हणाला, "किती छान जेवण आहे गं इथलं, पोटाला त्रास नाही."

हे पिस्कॅटवेला कसं सांगणार? मी समुद्राच्या फोटोबरोबर त्या बाटलीचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, 'झणझणीत!' घरात पिस्कॅटवेहून आणलेल्या जुन्या लाल तिखटावर दिवस ढकलत होते. बाजारात लाल-पिवळ्या, चुरगळल्यासारख्या दिसणाऱ्या छोट्या गोल मिरच्यांचे ढीग असायचे, पण त्यांना हात लावायची हिंमत होत नव्हती. व्हिडिओत बघितलं होतं ना, तसल्याच मिरच्या खाऊन धट्टीकट्टी माणसं जमिनीवर लोळतात. नंदुरबारची लेक, आणि मिरच्यांच्या ढिगाला लांबून वळसा घालून जायची. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

त्याआधीच्या वर्षी आई गेली होती. अप्पा गावी एकटे. मी एकुलती एक. रोज फोन करायचे, "जेवलात का?" ते म्हणायचे, "जेवलो." मग एकदा शेजारच्या काकूंचा फोन आला. अप्पा दोन दिवस तापानं फणफणून पडले होते आणि दूधवाल्यानं दार वाजवेपर्यंत कुणाला पत्ता नव्हता. त्या दिवशी ठरवलं, आता बापाला एकटं ठेवायचं नाही. काहीही करून इथे आणायचं आणि इथेच ठेवायचं.

अप्पांनी फार आढेवेढे घेतले नाहीत. म्हणाले, "तीन महिने येतो. जमलं तर राहीन. नाही तर परतीचं तिकीट आहेच."

"जमलं तर म्हणजे काय, अप्पा?"

"जेवण गं. या वयात आणखी काय जमायचं असतं?"

आणि इथे मी ती घोडचूक केली. फोनवर छाती फुगवून म्हटलं, "येताना मिरची-बिरची काही आणू नका. एअरपोर्टवर उगीच बॅगा उघडतात. इथे मिरचीला काय तोटा! कॅरिबियन आहे, अप्पा!" माझी फुशारकी त्यांनी खरी मानली. चाळीस वर्षं मिरचीत काढलेला माणूस चिमूटभर तिखट न घेता दोन विमानं बदलून माझ्याकडे आला.

पहिल्या दिवशी शेवभाजी केली. अप्पांनी एक घास घेतला, थांबले, म्हणाले, "रंग चांगला आहे." अप्पांच्या तोंडी ही शिवी आहे, हे मी लहानपणापासून जाणून होते. व्यापाऱ्याला अमुक माल घेऊ नका असं चारचौघांत सांगायचं असलं की ते असंच म्हणायचे. दुसऱ्या दिवशी डाळीला रंग चांगला होता, तिसऱ्या दिवशी भरताला. दोनच्या दीड भाकऱ्या झाल्या, दीडची एक झाली. दहाव्या दिवशी त्यांनी पट्ट्याला खिळ्यानं नवं भोक पाडलं. मला सांगा, बाप आपल्या घरी येऊन पट्ट्याला भोकं पाडायला लागला तर लेकीनं तोंड कुठे लपवायचं?

शनिवारी त्यांना बाजारात नेलं. तिथे तुरीच्या ओल्या शेंगा बघून पहिल्यांदा त्यांचा चेहरा खुलला. "अगं, ही तर आपली तूर!" आणि पुढच्याच गाळ्यावर त्या मिरच्या. अप्पा थबकले. गाळ्यामागे त्यांच्याच वयाची एक बाई बसली होती, तिच्याकडे बघून मान हलवली, ढिगात हात घातला आणि मधली एक मिरची काढली. देठ मोडला. नाकाजवळ नेली. मग डोळे मिटून पुन्हा नेली.

"बाई गं," अप्पा म्हणाले, "उभ्या जन्मात असा वास घेतला नाही. सरळ टाळूत शिरतो. ही जिभेला लावायचं कामच नाही. माणूस मारेल ही!"

किती दिवसांनी त्यांचा तो माल बघतानाचा आवाज ऐकला! मी मूठभर मिरच्या घेतल्या आणि तिथूनच फोन लावून पाहुण्यांना जेवायला बोलावलं. पाहुणे म्हणजे आमच्या बाजूला राहणारं दुसरं एकमेव मराठी जोडपं, नागपूरचं. त्यातला नवरा म्हणजे एक प्रकरणच होतं. गाडीच्या कप होल्डरमध्ये हॉट सॉसची बाटली ठेवायचा, तिच्यावर कवटीचं चित्र. "आम्ही नागपूरचे, आम्हाला तिखट लागत नाही," हे वाक्य तो नमस्काराच्या आधी म्हणायचा. म्हटलं, ये बाबा, आज तुलाही बघू.

त्या दिवशी ठेचा अप्पांनी स्वतः केला. घरातल्या सगळ्या खिडक्या उघडायला लावल्या. भांडी घासायचे माझे पिवळे रबरी हातमोजे चढवले. बिया काढून दोनच मिरच्या, भरपूर लसूण, मूठभर शेंगदाणे. माझी लेक जवळ आली तर तिला हातानंच लांब व्हायला सांगितलं. ती सोळा वर्षांची, पिस्कॅटवेत जन्मलेली, मराठी सगळं समजतं पण उत्तर बहुतेक इंग्रजीत. "ओके, ओके, आय गेट इट," म्हणत ती मागे सरली. नवऱ्यानं स्वतःपुढे दह्याचं पातेलंच ओढून घेतलं.

अप्पांनी चमच्याच्या टोकानं प्रत्येकाच्या ताटात हिंगाएवढा ठेचा वाढला आणि म्हणाले, "भाकरीला नुसता लावा. जपून." नागपूरकरांनी भाकरीच्या तुकड्याला ठेचा लावला, तोंडात घातला, आणि पुढच्या क्षणाला 'हा हू' सुरू. कपाळावर घाम! "बाप रे! काका, मानलं तुम्हाला! क्या बात है!" बायको त्याला वर्तमानपत्रानं वारा घालायला लागली. मी अप्पांकडे बघितलं. ते ताठ बसले होते. असे ताठ बसलेले मी त्यांना आई गेल्यापासून पाहिले नव्हते.

एवढ्यात माझ्या कारटीनं मोठा चमचा उचलला, वाडग्यात घातला आणि भरून तोंडात टाकला. मी ओरडले. नवरा दही घेऊन उठला. ती शांतपणे चावत होती.

"इट्स स्वीट, आजोबा," ती म्हणाली. "लाइक, ॲक्च्युअली स्वीट."

मी बोट घालून चाटलं. खरंच की! वास असा की डोळे मिटावेत, आणि चव शिमला मिरचीची. तिखटाचा मागमूस नाही. समोर नागपूरकर कपाळ पुसत बसलेले, त्यांचा तो घाम अजून खाली ओघळत होता. लेक म्हणाली, "आई, याचं नावच 'गोड मिरची' आहे. स्पॅनिशमध्ये. डिड यू ईव्हन आस्क?"

आणि मी हसले. अशी हसले की खुर्चीवरून पडायची बाकी राहिले. नागपूरकरांना हसले असते तर चाललं असतं, तो त्याच लायकीचा होता. पण माझ्या जिभेला हाड कुठलं? मी अप्पांकडे बघून सगळ्यांसमोर म्हटलं, "चाळीस वर्षं मिरची पारखली आणि शेवटी शिमला मिरचीला घाबरून हातमोजे घातले!"

सगळे हसले. अप्पाही हसल्यासारखे हसले. मग त्यांनी हातमोजे काढले, नीट घडी करून सिंकच्या कडेला ठेवले आणि ठेच्याचं वाडगं स्वतः धुतलं.

एवढ्यावर थांबेन तर मी कसली! दुसऱ्या दिवशी सकाळी पिस्कॅटवेला फोन लावून सगळा प्रसंग रंगवून रंगवून सांगितला. स्पीकरवर. नागपूरकरांचं 'हा हू' सांगितलं, आणि हातमोजे तर दोनदा सांगितले. पलीकडे चौघी फिदीफिदी हसत होत्या. फोन ठेवून वळले तर अप्पा पाण्याचा ग्लास घेऊन दारात उभे. "पाणी घ्यायला आलो होतो," म्हणाले आणि गेले. ग्लास रिकामाच होता.

त्या दिवसापासून त्यांनी जेवणाला नावं ठेवणं बंद केलं. मी खरंखुरं तिखट मिळवायला आकाशपाताळ एक केलं. मेनलँडवरून, म्हणजे मुख्य अमेरिकेतून येणाऱ्या प्लास्टिकच्या डबीतल्या तीन तीन सुकलेल्या मिरच्या आणल्या, पिस्कॅटवेहून तिखटाचं पार्सल मागवलं. पुन्हा शेवभाजी केली, डाळ केली, ओल्या तुरीचं कालवण केलं. एका डाळीत तर इतकं तिखट ओतलं की पुणेकर जेवण सोडून बाल्कनीत जाऊन उभे राहिले. अप्पा प्रत्येक पदार्थाला म्हणायचे, "छान आहे." रंगाबद्दलसुद्धा काही नाही! आणि एक दिवस म्हणाले, "रात्रीला थोडा दहीभात असला तरी चालेल मला." नंदुरबारचा माणूस आजारी नसताना दहीभात मागतो? मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. लेकीनं सांगितलं, आजोबा तिला कॅलेंडरवर दिवस मोजायला लावतात. परतीचं तिकीट सुटकेसच्या तळातून वर आलं होतं. मी रोज कपडे ठेवायच्या निमित्तानं बघायचे, ते वरच असायचं.

चुकलं म्हणून सांगायला हवं होतं. पण आमच्या घरात ते कुणाला येत नाही. आम्ही फक्त ताटात जास्त वाढतो. मी जास्त वाढत राहिले आणि ते ताटात ठेवत राहिले.

पुढे एका शनिवारी अप्पाच म्हणाले, "बाजारात नेशील का? आणि हिला पण घे, बोलायला." त्यांच्या सदऱ्याच्या खिशात रुमालात बांधलेली, सुकत आलेली एक मिरची होती. त्या मुठीतली एक त्यांनी इतके दिवस जपून ठेवली होती! त्याच बाईच्या गाळ्यावर जाऊन त्यांनी ती तिच्यासमोर धरली आणि नातीला म्हणाले, "विचार त्यांना. वास तर असा, मग हिचं तिखट गेलं कुठं?"

पोरीनं शाळेतल्या स्पॅनिशमध्ये विचारलं. बाई खो खो हसायला लागली. मी म्हटलं, झालं, आता हीसुद्धा. पण हसून झाल्यावर तिनं अप्पांना स्टूल दिलं आणि हातवारे करून बोलायला लागली. लेक सांगत गेली. या मिरच्या गोडच असायला हव्यात. इथे प्रत्येक घरी कांदा, लसूण आणि या मिरच्या वाटून सोफ्रितो नावाचं वाटण करतात, तेच सगळ्या स्वयंपाकात पडतं. पण हल्ली पंचाईत झाली आहे. डोंगरातल्या कुणाच्या तरी मळ्यात गोड मिरचीच्या शेजारी तिखट मिरची लागली, दोन्हींचं बी मिसळलं, आणि आता काही मिरच्या तिखट निघतात. दिसायला सारख्या, वासाला सारख्या. गिऱ्हाइकं भांडायला येतात. एका बाईचं तान्हं पोर वरणभातासारखं काहीतरी खाऊन तासभर रडलं. म्हणून ही माल आला की प्रत्येक गोणीतली एकेक मिरची चावून बघते, आणि दोनेक गोण्या झाल्या की जिभेला काही कळेनासं होतं.

अप्पा कान देऊन ऐकत होते. "किती गोण्या आहेत?" त्यांनी विचारलं.

चार होत्या. त्यांनी बाह्या वर केल्या. पहिल्या गोणीत कोपरापर्यंत हात घातला, मधली मिरची काढली आणि या वेळी वास घेतलाच नाही. नखानं उभी फोडली आणि उजेडाकडे धरली. ठेवली. दुसरी गोणी, तेच. तिसऱ्या गोणीतली फोडून मात्र बराच वेळ बघत राहिले. मला जवळ बोलावलं नाही, नातीला बोलावलं. "ही आतली पांढरी शीर बघ. त्या दोघींची कोरडी होती. हिच्यावर पिवळी, ओलसर रेघ आहे, दिसली का?" मग जिभेच्या टोकाला लावली. मानेपर्यंत लाल झाले. डोळ्यांत पाणी आलं आणि चेहऱ्यावर असं समाधान की काय सांगू!

बाईनं तोच तुकडा चाटला, छातीवर क्रूस काढला आणि पोरीला भाषांतर करता येणार नाही असं काहीतरी बोलली.

परत येताना गाडीत अप्पा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "त्या दिवशी वासावर गेलो. फोडून बघायला पाहिजे होती. घाई केली." मला वाटलं, आता बोलावं. सिग्नल सुटला आणि मागच्यानं हॉर्न वाजवला.

मग बुधवार आणि शनिवार ठरूनच गेले. ज्या दिवशी माल यायचा त्या दिवशी अप्पा सकाळी सात वाजता सदरा घालून तयार. नवरा गाडीनं सोडायचा. मला वाटलं, वेळ जातोय, बरंय. मजा बघा, चाळीस वर्षं त्यांनी तिखट मिरची शोधून पास केली, आणि इथे तिखट निघाली की नापास! नापास माल बाजूच्या टोपलीत जायचा. इकडे घरी दहीभात चालूच होता आणि तिकीटही सुटकेसमध्ये वरच होतं.

एका बुधवारी दुपारी मी लवकर आणायला गेले. गाळ्यामागे स्टुलावर बसून अप्पा जेवत होते. त्या बाईनं घरून आणलेला तुरीच्या दाण्यांचा भात. मी तो खाल्लेला आहे, त्यात तिखटाचा कणही नसतो. अप्पांनी डबा पुसून घेतला आणि वर आणखी मागितला. मला भडभडून आलं आणि संतापही आला. इथे मी बोटं जाळून घेते, पार्सलं मागवते, आणि हा माणूस तिथे फिकं जेवण चाटूनपुसून खातो!

गाडीत बसल्या बसल्या मी तोंड सोडलं. "माझी डाळ घशाखाली उतरत नाही, आणि त्या बाईचा फिका भात बरा उतरतो!"

"कामावर असलं की मिळेल ते खायचं असतं," अप्पा म्हणाले.

विमानाला आठ दिवस उरले होते. शनिवारी दुपारी अप्पा बाजारातून आले. मी ओट्याशी कांदा चिरत होते, नवरा चहा करत होता, लेक टेबलाशी अभ्यास करत होती. अप्पांनी कागदी पिशवी ओट्यावर ठेवली, त्यातली एक पिवळीधमक मिरची काढून माझ्यापुढे धरली. "घे. गोड आहे."

"तिथे गोडच असायच्या," मी म्हटलं. तीन दिवसांचा राग होता, जीभ कशी गप्प बसणार? "तुम्हीच पास केलेल्या ना? मग हातमोजे नकोत!" आणि अर्धी मिरची कचकन चावली.

पहिली दोन सेकंदं तो सुगंध. मग जे झालं! जीभ पेटली, मग घसा, मग कान. डोळ्यांना दिसेना, नाक वाहायला लागलं. मी सिंकच्या नळाखाली तोंड धरलं. लेक दूध घेऊन धावली. नवऱ्यानं साखरेचा डबाच पुढे केला. वीस वर्षं मी त्या डब्याला नावं ठेवली होती, त्यातली मूठभर साखर तोंडात कोंबली. शब्द फुटेना. नुसतं 'आ आ आ'.

आणि मागून हसण्याचा आवाज आला. अप्पा हसत होते. भिंतीला हात टेकून, खांदे हलवत, खोकला येईपर्यंत. आई गेल्यावर मी तो आवाज पहिल्यांदाच ऐकला.

हसून झाल्यावर त्यांनी खुर्ची ओढली आणि माझ्यासमोर बसले. मला बोलता येत नव्हतं. बहुधा म्हणूनच ते बोलले.

"नापास झालेला माल आहे हा. त्या बाई टाकून देत होत्या, मी मागून आणला. त्या दिवशी तू हसलीस ते बरोबरच होतं गं, माझं चुकलंच होतं. पण तुझी आई गेल्यापासून दिवसातून दहादा सगळे विचारतात, जेवलात का. तू विचारतेस, शेजारचे विचारतात, डॉक्टर विचारतो. आजचा माल कसा होता, हे कुणी विचारत नाही. ती बाई विचारते. मला तिची भाषा येत नाही, पण तेवढं कळतं."

मी दुधाचा पेला धरून उभी होते. गालावरून पाणी वाहत होतं आणि ते सगळं मिरचीचं होतं असं मी कुणालाही सांगू शकले असते.

"बुधवारी दोन नव्या मळ्यांचा माल येणार आहे," अप्पा म्हणाले. "मी नसलो तर त्यांना ते जमायचं नाही. ते तिकीट कॅन्सल करता येतं का बघ."

मी मान हलवली. मग जळत्या जिभेनं, अर्धे शब्द गिळत, कसंबसं विचारलं, "आजचा माल कसा होता, अप्पा?"

ते सांगायला लागले. अर्धा तास सांगत होते. मी कुठेही पळाले नाही.